कल्टारचे माप आणि बागेचा धनी

पावसाळा भरात असताना, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, रत्नागिरी, राजापूर आणि देवगडच्या हापूस बागांत एक काम चाललेले असते. झाडाच्या पसाऱ्याच्या निम्म्या अंतरावर बुंध्याभोवती गोलाकार, 10 ते 12 सेंटिमीटर खोलीचे 25 ते 30 खड्डे पहारीने घेतले जातात आणि पाण्यात मिसळलेले पॅक्लोब्युट्राझोल हे झाडाची वाढ आवरणारे रसायन त्यांत समान वाटून ओतले जाते. कोकणात या रसायनाला सगळे ‘कल्टार’च म्हणतात, जरी ते मुळात एका उत्पादनाचे व्यापारी नाव असले तरी. शेतीतील नवे तंत्रज्ञान आणि नेतृत्व यांचा विचार करताना अनेकांच्या डोळ्यांसमोर ड्रोन येतो. मला मात्र हे खड्डे आठवतात, कारण कोकणच्या बागायतीत निर्णय कोण घेतो आणि त्या निर्णयाचे फळ कोण भोगतो, हा प्रश्न इथे जितका उघड होतो तितका अन्यत्र होत नाही.

हापूस एक वर्ष भरभरून येतो आणि दुसऱ्या वर्षी हात आखडतो. फळे पोसून दमलेल्या फांदीला आधी नवी पालवी काढावी लागते, ती पालवी जून व्हावी लागते आणि मगच थंडीत त्या टोकाला मोहर धरतो. झाडात तयार होणारी जिबरेलिन नावाची संजीवके वाढीला चालना देतात. त्यांचे प्रमाण जास्त असेल, तर फांदीच्या टोकाच्या डोळ्यातून (अंकुरातून) मोहराऐवजी पालवीच फुटते. जिबरेलिन तयार होण्याच्या साखळीतील एक पायरी कल्टार अडवते. त्यामुळे पाना-फांद्यांची वाढ आवरते, फांद्यांत अन्नसाठा होतो, मोहर लवकर येतो आणि वर्षाआड येणारे झाड दरवर्षी फळू लागते. लवकर मोहर म्हणजे लवकर आंबा, आणि हंगामाच्या सुरुवातीच्या पेटीला वाशीच्या बाजारात मिळणारा भाव कोणत्याही बागायतदाराला सांगावा लागत नाही.

1972 साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने या रसायनाच्या वापराची शिफारस कोकणासाठी बसवून दिली. झाडाचा पसारा पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर मोजायचा, सरासरी काढायची आणि दर मीटरमागे 3 मिलिलिटर औषध द्यायचे; म्हणजे 8 मीटर पसाऱ्याच्या झाडाला 24 मिलिलिटर. झाड 10 वर्षांपेक्षा मोठे आणि निरोगी हवे, आणि दरवर्षी फळणाऱ्या झाडाला खतही त्या मानाने मिळायला हवे, कारण कल्टार झाडाला अन्न देत नाही, असलेले अन्न मोहराकडे वळवते.

अडचण अशी, की हे रसायन जमिनीत लवकर विरत नाही. प्रमाणाबाहेर आणि वर्षानुवर्षे दिले, तर नवी पालवी आखूड आणि दाट येते, मोहराचे घोस आवळलेले राहतात, दाटीत तुडतुडे ही कीड आणि भुरी हा रोग यांचे फावते आणि झाड हळूहळू खंगते. लाभ पुढच्याच हंगामात पदरात पडतो, हानी मात्र सावकाश, अनेक वर्षांनी दिसते.

कोकणातील असंख्य बागांचे मालक मुंबईत असतात आणि बाग कराराने दिलेली असते. करार घेणारा आगाऊ रक्कम मोजतो, फवारण्यांचा आणि राखणीचा खर्च सोसतो, अवकाळी पावसाचा धोकाही पत्करतो. दोन-तीन वर्षांत ते पैसे वसूल करणे त्याला भाग असते. अशा माणसाने मापापेक्षा दुप्पट कल्टार ओतले, तर त्याला लोभी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते मला न्याय्य वाटत नाही. ज्याला दहा वर्षांनंतरचे झाड बघायचेच नाही, त्याच्या हाती दहा वर्षांनी परिणाम दाखवणारे औषध आपणच दिलेले असते. म्हणून ज्या वाड्यांत एखादा जाणता बागायतदार करारपत्रातच कल्टारचे माप लिहून घेतो, अशक्त झाडांना त्या वर्षी विश्रांती देतो आणि आपल्या बागेत चुकलेले प्रमाण शेजाऱ्यांना उघडपणे सांगतो, तिथे मी नेतृत्व पाहतो.

असेच साका या फळातील दोषाचे. वरून निर्दोष दिसणाऱ्या हापूसचा गर कोयीजवळ पांढरट आणि आंबूस निघतो. याला उन्हात तापलेल्या जमिनीची धग कारण ठरते. शिवाय फळ झाडावरच असताना आतील बी रुजण्याच्या तयारीला लागते आणि गरातील अन्न तिकडे ओढले जाते, असेही संशोधकांना दिसले आहे. उपाय साधे आहेत: झाडाखाली वाळलेल्या गवताचे आच्छादन करायचे आणि फळ पूर्ण पिकू न देता सुमारे 85 टक्के तयार असताना, देठासह झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, उतरवायचे. मात्र यात विकत घेण्यासारखे फारसे काही नाही, त्यामुळे हे सांगायला कुणी विक्रेता बागेत येत नाही; ते एकमेकांकडे पाहूनच पसरते.

काही निर्णय तर एकट्याच्या आवाक्याबाहेरचे असतात. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी देवगडच्या नावाने परप्रांतातला आंबा विकला जाणे थांबले नाही. देवगड तालुक्यातील आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामात फळाफळावर सांकेतिक क्रमांकाचे स्टिकर आणले. क्रमांकाचा एक भाग वर दिसतो, दुसरा स्टिकर सोलल्यावर, आणि ग्राहकाला दोन्ही जुळतात का ते मोबाईलवरून पडताळता येते. मला यातली हिशेबाची बाजू अधिक महत्त्वाची वाटते: स्टिकर बागायतदाराच्या झाडांच्या संख्येनुसार मिळतात, म्हणजे कोणाकडे किती कलमे आहेत याची मोजदाद आधी करावी लागते. ती नोंद एकदा झाली, की त्याच पानावर प्रत्येक कलमाचा पसारा, दिलेल्या कल्टारचे माप आणि विश्रांतीचे वर्षही लिहिता येईल, आणि बाग पुढच्या करारदाराच्या ताब्यात जाईल तेव्हा ते पानही तिच्याबरोबर जाईल.