विडीचा धूर आणि पेशींमधला हिशेब

सिन्नर तालुक्यात विडीविषयी बोलताना जीभ थोडी जपून चालवावी लागते, कारण तिथल्या असंख्य घरांत मुलांच्या शाळेचा आणि लग्नाचा खर्च विड्या वळून निघालेला आहे. नाशिक शहरात तर एका वसाहतीचे नावच विडी कामगार नगर आहे. त्यामुळे कर्करोगाचा विषय निघाला की "आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विडी ओढत होते, त्यांना कुठे काय झाले?" हा प्रश्न हमखास येतो. तो चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. धूम्रपान करणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होत नाही, आणि ज्याने आयुष्यात कधी विडी हातात धरली नाही अशा माणसालाही फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

द्राक्षबागाईतदाराला हे समजावून सांगावे लागू नये. छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला आणि पाने तासन्‌तास ओली राहिली की डावणी या बुरशीजन्य रोगाचा धोका वाढतो; तरीही एखादी बाग त्यातून वाचते. ती वाचली म्हणून पावसाचा डावणीशी संबंध नाही, असे निफाडचा किंवा दिंडोरीचा कोणताही शेतकरी म्हणणार नाही, कारण तो एका बागेकडे न पाहता पंचक्रोशीतल्या सगळ्या बागांकडे पाहत असतो. वैद्यकातही एका आजोबांवरून काही ठरत नाही; अनेक माणसांची मोजणी करावी लागते.

अशी मोजणी इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी केली. फुप्फुसाचा कर्करोग झालेले ७०९ रुग्ण आणि तो न झालेले तितकेच रुग्ण यांच्या सवयींची तुलना करून त्यांनी १९५० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आरंभी डॉल यांचा संशय मोटारींचा धूर आणि रस्त्यांवरील डांबर यांच्यावर होता. आकडे हाती येऊ लागले तेव्हा त्यांनी स्वतःच सिगारेट सोडली. पुढे १९५१ पासून चाळीस हजारांहून अधिक ब्रिटिश डॉक्टरांची माहिती घेऊन त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. त्यांतील पुरुषांचा पन्नास वर्षांचा हिशेब २००४ मध्ये मांडला गेला, तेव्हा आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरीने सुमारे दहा वर्षे आधी मरण पावतात असे दिसले.

आकड्यांनी संबंध दाखवला, पण शरीरात नेमके काय घडते हे पेशींमध्ये पाहावे लागले. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात आणि त्यांपैकी किमान साठ कर्करोगजनक आहेत. त्यांतले बेंझोपायरीन हे एक. तंबाखूच काय, कोणताही सेंद्रिय पदार्थ अर्धवट जळला की ते तयार होते. गंमत अशी की ते मुळात तितके घातक नसते. त्याला पाण्यात विरघळवून बाहेर टाकण्यासाठी शरीरातील विकरे (एन्झाइम) त्याच्यावर प्रक्रिया करतात आणि त्या खटाटोपातच त्याचे एक आक्रमक रूप तयार होते, जे डीएनएतील ग्वानीन या घटकाला जाऊन चिकटते. पेशीचे विभाजन होताना या चिकटलेल्या जागी नक्कल चुकते. बहुतेक चुका दुरुस्त होतात, काही राहून जातात. पेशींच्या बेबंद वाढीला लगाम घालणारे पी-५३ नावाचे एक जनुक आहे. फुप्फुसाच्या कर्करोगात त्यात ज्या ठिकाणी वारंवार बिघाड आढळतो, नेमक्या त्याच ठिकाणी हे रसायन चिकटते, असे १९९६ मध्ये प्रयोगशाळेत दिसून आले.

या चुका मोजताही येतात. रोज एक पाकीट याप्रमाणे वर्षभर सिगारेट ओढल्यास फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी १५० उत्परिवर्तने, म्हणजे डीएनएतील कायमचे बदल, साठतात, स्वरयंत्राच्या पेशीत ९७ आणि मूत्राशयाच्या पेशीत १८, असा अंदाज २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडला गेला. मूत्राशयापर्यंत धूर जात नाही. मात्र रक्तात उतरलेली रसायने मूत्रपिंडातून गाळली जाऊन मूत्राशयात साचून राहतात.

आता विडी. टेंभुर्णीचे पान, आत चिमूटभर तंबाखू, वर दोरा. कागद नाही, कारखान्यातली रसायने नाहीत, म्हणून ती सिगारेटपेक्षा सौम्य, असा समज खोलवर रुजलेला आहे. प्रत्यक्षात हे पान कागदासारखे सच्छिद्र नसते, त्यामुळे विडी सारखी विझू पाहते आणि ती पेटती ठेवण्यासाठी अधिक वेळा व जोरात झुरके घ्यावे लागतात. तंबाखू कमी असूनही निकोटीन, धुरातला चिकट अंश (टार) आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटच्या बरोबरीने, किंबहुना जास्तच, छातीत जातात. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुस या सर्वांच्या कर्करोगाशी विडीचा संबंध सिद्ध झाला आहे. भारतातील मृत्यूंच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार विडीमुळे पुरुषांचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी आणि स्त्रियांचे आठ वर्षांनी घटते. अर्थात त्यात क्षय, श्वसनविकार आणि हृदयविकार यांचा वाटाही मोठा आहे.

इथे एक पोटविषय टाळता येत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करताना आढळले, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. म्हणजे आपल्याकडे विडीपेक्षा मळलेली तंबाखू आणि मिश्री यांचाच पसारा मोठा. धूर नसला तरी तंबाखूत नायट्रोसमाइन ही कर्करोगजनक संयुगे असतातच, आणि गालात धरलेल्या चिमटीतून ती थेट तोंडाच्या अस्तरात उतरतात.

"मी दिवसाला चारच ओढतो" हे वाक्य सातपूरच्या टपरीवर जितके ऐकू येते तितकेच गंगापूर रोडवरच्या कॅफेबाहेरही. त्यात तथ्य अगदीच नाही असे नाही, पण फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत रोजच्या संख्येपेक्षा किती वर्षे ओढली याला फार अधिक महत्त्व आहे. संख्या दुप्पट केल्याने धोका जितका वाढतो, त्याच्या कितीतरी पट तो वर्षे दुप्पट झाल्याने वाढतो. पहिला झुरका आणि गाठ यांच्यात वीस-तीस वर्षांचे अंतर असते, त्यामुळे कारण आणि परिणाम एकाच नजरेत येत नाहीत.

सोडण्याचा फायदाही याच हिशेबातून येतो. ब्रिटिश डॉक्टरांच्या अभ्यासात तिशीत सिगारेट सोडणाऱ्यांना जवळजवळ सगळी दहा वर्षे परत मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा आणि साठीत सोडणाऱ्यांनाही तीन. याचे एक कारण २०२० मध्ये उलगडले. सोळा जणांच्या श्वासनलिकेतील पेशींचा जनुकक्रम तपासला असता, धूम्रपान सोडलेल्यांमध्ये काही ठिकाणी चाळीस टक्क्यांपर्यंत पेशी जवळजवळ कधीच धूम्रपान न केलेल्या माणसाच्या पेशींसारख्या आढळल्या. बिघडलेल्या पेशी दुरुस्त झाल्या होत्या असे नाही. कुठेतरी धुरापासून बचावलेल्या निरोगी पेशी, धूर थांबल्यावर, हळूहळू त्यांची जागा घेत होत्या.