परिचर्या शिक्षणातील सामान्य विकृतिशास्त्र

आजारात शरीराच्या पेशींत आणि ऊतकांत जे मूलभूत बदल होतात, त्यांचे नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना दिले जाणारे शिक्षण. पेशीला इजा झाली की काय होते, दाह कसा सुरू होतो, जखम कशी भरते, रक्त नको तिथे का गोठते, गाठ कशी वाढते, हे कोणत्याही अवयवाला लागू असणारे नियम म्हणजे सामान्य विकृतिशास्त्र, अर्थात जनरल पॅथॉलॉजी. स्लाइड पाहून निदान करणे हे पॅथॉलॉजिस्टचे काम आहे. परिचारिकेने बदल सुरू होतानाच तो टिपायचा असतो, त्याचा अर्थ लावायचा असतो, वेळेत कळवायचा असतो आणि तपासणीसाठी घेतलेला नमुना बिघडू द्यायचा नसतो. विषयाची मांडणी या कामांवरून व्हायला हवी. वैद्यकीय पाठ्यपुस्तकाला कात्री लावून तेच शिकवले, तर व्याख्या पाठ होतात आणि वॉर्डात आठवत नाहीत.

खाटेपासून पेशीपर्यंत

रोगाचे मूळ अवयवात शोधण्याची पद्धत इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ मोर्गान्यी याच्या १७६१च्या ग्रंथाने रुजवली. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रूडोल्फ फिरखो याने १८५८मध्ये तो शोध पेशीपर्यंत नेला. पाठ्यपुस्तके मात्र उलटी चालतात: आधी पेशी, मग ऊतक, शेवटी रुग्ण. नर्सिंगच्या वर्गात रुग्णापासून सुरुवात केलेली बरी. डोळ्यांना दिसणारे किंवा हाताला लागणारे एक लक्षण घ्यावे, ते का आले हे पेशीपर्यंत उतरून सांगावे आणि मग ‘आता काय पाहायचे, काय करायचे’ यावर परत यावे.

पायावरची सूज हा यासाठी उत्तम पाठ आहे. नडगीच्या हाडावर अंगठा ५ सेकंद दाबून उचलला की खड्डा राहतो. तो का राहतो, या एका प्रश्नातून केशवाहिन्यांतला वाढलेला दाब, रक्तातले घटलेले अल्ब्युमिन हे प्रथिन, लसिकावाहिन्यांतला अडथळा आणि वाहिन्यांची वाढलेली गळती ही चारही कारणे निघतात. हृदय कमी पडल्याने येणारी सूज दोन्ही पायांवर, थंड आणि सहसा न दुखणारी असते. दाहाची सूज एका जागी, गरम आणि हात लावू न देणारी. एकाच पोटरीला आलेली सूज दिसली तर शिरेत गुठळी झाल्याची शंका घ्यावी आणि ती पोटरी चोळू नये, कारण गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. हमखास होणारी चूक अशी: अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे पाय सपाट दिसले म्हणून विद्यार्थी ‘सूज नाही’ अशी नोंद करतात. पाणी उताराकडे जाते. या रुग्णात ते माकडहाडाच्या भागात साठलेले असते. शिवाय खड्डा पडण्याआधीच शरीरात बरेच पाणी साठलेले असू शकते. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, म्हणून रोज ठरलेल्या वेळी, त्याच काट्यावर घेतलेले वजन अंगठ्याच्या आधी बोलते.

दाह, आणि दाह न दिसणे

लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही चार लक्षणे सेल्सस या रोमन लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवली. त्या भागाचे काम मंदावणे हे पाचवे लक्षण पुढे जोडले गेले. प्रत्येक लक्षणाला कारण जोडून शिकवले की पाठांतर लागत नाही. रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून लाली आणि उष्णता, त्यांच्या भिंती गळू लागतात म्हणून सूज, रासायनिक द्रव्ये आणि ताण मज्जातंतूंना डिवचतात म्हणून वेदना. पहिल्या दिवसात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात, साधारण दोन दिवसांनंतर मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशी, ताबा घेतात.

खरा धोका याच्या पुढे आहे. लाली नाही, पू नाही, म्हणजे संसर्ग नाही, असा निष्कर्ष विद्यार्थी काढतात. पू मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिल पेशींचा बनतो. केमोथेरपीने या पेशी संपलेल्या रुग्णात पू येणार कुठून? त्याच्यात नुसता ताप हाच एकमेव इशारा असू शकतो आणि तो तातडीचा मानावा लागतो. स्टेरॉइड चालू असलेल्या रुग्णात दाह दबून राहतो. वृद्धांत तापाऐवजी अचानक आलेला गोंधळलेपणा दिसतो. दाहाच्या तासाचा निम्मा वेळ या अपवादांना द्यावा.

जखम भरण्याच्या पाठात दोन आकडे पुरेसे आहेत. पहिल्या आठवड्याअखेर जखमेची ताकद मूळ त्वचेच्या सुमारे १० टक्के असते आणि तीन महिन्यांनी ७० ते ८० टक्के. टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली असे नसते, आणि पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर खोकताना उशीचा आधार का द्यायचा, हे यावरून आपोआप कळते.

दाबाने होणारे व्रण

पेशीचा मृत्यू शिकवायला यापेक्षा जवळचे उदाहरण नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये ऊतक चेपले जाते, रक्तपुरवठा तुटतो, पेशींना प्राणवायू मिळत नाही. थोड्या वेळात दाब हटला तर त्या सावरतात, नाहीतर मरतात. माकडहाडावर लाली दिसली तर तिच्यावर बोट किंवा पारदर्शक काचपट्टी हलकेच दाबावी. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली, तर रक्त अजून वाहते आहे. दाबूनही लाली तशीच राहिली, तर वाहिन्या आणि ऊतक इजा पावले आहे. हाच व्रणाचा पहिला टप्पा, कातडी अखंड असतानाचा. अशी जागा चोळायची नसते, चोळल्याने आतली इजा वाढते. सावळ्या त्वचेवर लाली ओळखू येत नाही. तिथे बाजूच्या भागाशी तुलना करून उष्णता, कडकपणा आणि दुखरेपणा हाताने तपासायला शिकवावे. हाडाला लागून असलेले स्नायू त्वचेच्या आधी मरू शकतात, त्यामुळे बाहेरून लहान दिसणारा व्रण आत मोठा निघतो.

शॉक

शॉक म्हणजे रक्तदाब कमी होणे, ही समज वर्गातच मोडली पाहिजे. शॉकमध्ये ऊतकांना पुरेसे रक्त पोहोचत नाही, आणि शरीर रक्तदाब बराच वेळ सावरून धरते. शस्त्रक्रियेनंतरच्या, ६० किलो वजनाच्या रुग्णाच्या तीन नोंदी फळ्यावर लिहाव्यात:

नाडी ८८, रक्तदाब १२४/७८.
नाडी १०४, रक्तदाब ११८/८६.
नाडी १२२, रक्तदाब ९२/६४.

डॉक्टरांना कधी कळवाल, असे विचारले की वर्गातले अनेक जण तिसऱ्या नोंदीकडे बोट दाखवतात. उत्तर दुसरी आहे. वरच्या आणि खालच्या दाबातले अंतर ४६ वरून ३२ वर आले आहे: रक्त घटले म्हणून वरचा आकडा उतरू लागला, वाहिन्या आवळल्या म्हणून खालचा चढला आणि हृदयाने वेग वाढवला. प्रौढात साधारण ३० टक्के रक्त जाईपर्यंत वरचा दाब टिकू शकतो. लघवी तासाला दर किलोमागे ०.५ मिली, म्हणजे या रुग्णात ३० मिलीच्या खाली गेली, तर मूत्रपिंडांना रक्त कमी पडत असल्याचा तो इशारा असतो. कळवायचे कसे, याचाही सराव घ्यावा: “डॉक्टर, नाडी ८८ वरून १०४ झाली आहे, लघवी गेल्या तासात २० मिली, हातपाय गार आहेत.” ‘पेशंट जरा बरा वाटत नाही’ यावर कोणी धावत येत नाही.

नमुने

चुकीच्या अहवालांची बरीच कारणे नमुना प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच घडलेली असतात, म्हणून या भागाला प्रात्यक्षिकाचा सर्वांत जास्त वेळ हवा.

रक्ताच्या ट्यूब त्यांतल्या द्रव्याच्या नावाने ओळखल्या जातात. त्या भरण्याचा क्रम: आधी कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या बाटल्या, मग सायट्रेट, सीरमची (गोठलेल्या रक्तावरच्या द्रवाची) ट्यूब, हेपारिन, ईडीटीए आणि शेवटी फ्लोराइड. ईडीटीएच्या ट्यूबमधले रक्त सीरमच्या ट्यूबमध्ये ओतले, तर त्यातल्या ईडीटीएच्या पोटॅशियमयुक्त क्षारामुळे पोटॅशियम खोटे वाढते आणि कॅल्शियम खोटे घटते. असा विचित्र अहवाल दाखवून ‘काय चुकले असेल’ असे विचारावे. सायट्रेटमध्ये रक्त आणि द्रावण यांचे प्रमाण ९ ला १ असते. ट्यूब अर्धी भरली तर रक्त गोठायला उशीर लागतो असे खोटेच दिसते. बारीक सुईतून जोराने ओढलेल्या किंवा हलवून आपटलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सीरम फिक्या पिवळ्याऐवजी गुलाबी दिसते आणि पोटॅशियम पुन्हा खोटे वाढते. ट्यूब हलवायची नसते, हळूच उलटसुलट करायची असते. सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त घेऊ नये.

बायोप्सीचा, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या ऊतकाचा तुकडा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन या टिकवणाऱ्या द्रवात, तुकड्याच्या किमान १० पट प्रमाणात, रुंद तोंडाच्या बरणीत जातो. याचे कारण दाखवायला प्राण्याच्या यकृताचे तीन तुकडे पुरतात: एक भरपूर फॉर्मॅलिनमध्ये, एक जाडजूड तुकडा जेमतेम बुडेल इतक्या फॉर्मॅलिनमध्ये, एक साध्या सलाइनमध्ये. २४ तासांनी तिन्ही कापावेत. पहिला आतपर्यंत करडा आणि घट्ट. दुसऱ्याच्या कडा घट्ट, मध्ये अजून लाल आणि मऊ. तिसरा ओशट, कुजू लागलेला. फॉर्मॅलिन आत झिरपायला वेळ घेते, हे मग सांगावे लागत नाही. फॉर्मॅलिन कर्करोगकारक आहे, डोळे आणि घसा जाळते. हातमोजे आणि खेळती हवा हवीच.

सगळेच फॉर्मॅलिनमध्ये टाकायचे नसते. त्यात जंतू मरतात, म्हणून कल्चरसाठीचा तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा पाठवतात. क्षयाची शंका असलेली लसिकाग्रंथी संपूर्ण फॉर्मॅलिनमध्ये गेली, की कल्चरची ती संधी गेली. २४ तासांच्या लघवीत सुरुवातीच्या वेळची लघवी टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची धरायची. इथे रुग्णाला नीट न समजावणे हीच मुख्य चूक.

गाठींचा पाठ

हा आटोपशीर ठेवावा. ग्रेड म्हणजे पेशी मूळ रूपापासून किती दूर गेल्या, स्टेज म्हणजे रोग किती पसरला, हा फरक पक्का व्हावा. बायोप्सीत कर्करोग दिसला नाही याचा अर्थ ‘त्या तुकड्यात दिसला नाही’ एवढाच, हेही. पेशींच्या प्रकारांच्या लांबलचक याद्या वगळल्या तरी चालतात.

परीक्षा

व्याख्या विचारणारा पेपर व्याख्याच शिकवतो. त्याऐवजी नोंदींचा तक्ता देऊन निर्णय विचारावा, आणि प्रात्यक्षिकात चुका असलेली एक बरणी ठेवावी: निमुळते तोंड, कोंबलेला तुकडा, अपुरे फॉर्मॅलिन, अर्जावर उजवी बाजू आणि बरणीवर डावी, लेबल फक्त झाकणावर. पहिल्या तीन चुका बहुतेकांना सापडतात. झाकण उघडताच लेबल बरणीपासून वेगळे होते, ही चूक सुटते. बाजूतला विरोध न पाहणाऱ्याला मात्र या टप्प्यात उत्तीर्ण करू नये.