नवा शब्द म्हणजे तोंडात न बसणारा शब्द? नाही ओ
आमच्या लातूरकडं पोरं कल्पित जगाची गोष्ट लिहायलेत की पहिलं हेच म्हणतेत, शब्द कुठंच न ऐकलेला पाहिजे तरच जग खरं वाटतं, अन् मग झ्रॅक्थॉन, क्वुर्लिक्स असलं काहीतरी येतं. साफ चूक आहे हे. रोबोट बघा. तो शब्द विज्ञानकथा लिहिणाऱ्या आसिमोव्हनं काढलेला नाही, त्यांचा शब्द रोबोटिक्स, १९४१ चा. रोबोट आला कारेल चापेकच्या १९२० च्या चेक नाटकातून, भाऊ योसेफनं सुचवला, अन् मूळ शब्द रोबोटा म्हणजे चक्क वेठबिगारी! ते जुनं दुखणं नव्या शब्दात आपोआप उतरलं. आपल्याकडं सालगडी, बारव, गढी पडलेत की. नभगढी म्हणलं तर वेगळं समजावून सांगावंच लागत नाही.