नाकातून पाणी आलं म्हणजे सर्दीच असेल असं नाही

तासगावच्या माझ्या आत्याचं पिट्युटरीच्या गाठीचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते. वाकून सुपातला बेदाणा निवडताना तिच्या नाकातून टपकन थेंब पडला. मग आणखी दोन, एकाच नाकपुडीतून, नितळ. "सर्दी झालीया, वाफ घेती," म्हणाली. मी चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि तिला थेट सांगलीला नेलं.

पिट्युटरी ही वाटाण्याएवढी, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची ग्रंथी. मेंदूच्या तळाशी हाडाच्या खोबणीत ती बसलेली असते. तिच्या बहुतेक गाठी आता नाकातून दुर्बीण घालून काढतात. कवटी उघडावी लागत नाही, हे रुग्णाचं केवढं भाग्य! पण नाकात जंतू कायम वस्तीला असतात.

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती मिळून सुमारे 150 मिलिलिटर पाणी खेळतं आणि रोज अर्धा लिटर नवं तयार होतं. ते पातळ पडद्यानं धरून ठेवलेलं असतं. पडद्याला भोक राहिलं तर पाणी नाकात झिरपतं आणि त्याच वाटेनं जंतू वर चढतात. मेंदूच्या आवरणाला सूज येते, तोच मेनिंजायटिस. तो थोड्याच रुग्णांना होतो, पण गळती असली की धोका बराच वाढतो.

हे पाणी शेंबडासारखं चिकट नसतं, वाकलं की वाढतं, घशात खारट लागतं. खात्रीसाठी त्यातलं 'बीटा-2 ट्रान्सफेरिन' हे प्रथिन तपासतात. जोडीला ताप, मान आखडणं, उजेड सहन न होणं किंवा असंबद्ध बडबड असेल तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा.

डॉक्टर परवानगी देईपर्यंत नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवायचं. जलनेती नको, घागर उचलणं नको, शौचाला कुंथणंही नको.

आत्याच्या मांडीतली चरबी घेऊन भोक बुजवलं. जंतू अजून वर पोचले नव्हते.

एक गोष्ट मात्र घरोघरी चुकते. ऑपरेशननंतर काहींच्या शरीरात कॉर्टिसोल, म्हणजे आजारपणाचा ताण झेलायला लागणारं संप्रेरक, पुरेसं बनत नाही, म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. तापात शरीराला ते जास्त लागतं आणि नेमक्या तेव्हाच "गोळ्या उष्ण पडतात" म्हणून त्या बंद केल्या जातात. त्यानं रक्तदाब कोसळून जीवावर बेततं. आत्याच्या डबीवर तिच्या डॉक्टरांचा सल्ला मी ठळक अक्षरांत चिकटवलाय: ताप आला तर गोळी दुप्पट, उलटीत पडली तर लगेच इंजेक्शन.