बूट कॅम्प: नागरी आखाड्यातून छावणीत आणि छावणीतून हेल्थ क्लबात

हेल्थ क्लबच्या वेळापत्रकात योग, झुंबा, स्पिनिंग यांच्या शेजारी 'बूट कॅम्प' दिसला की मनात एक ठरावीक चित्र उभं राहतं: शिट्टी, चिखल, ओरडणारा प्रशिक्षक आणि 'अजून दहा!' हा हुकूम. हे सगळं लष्करातून जसंच्या तसं उचललं आहे, अशी बहुतेकांची समजूत असते. जाहिरातीही तेच सांगतात. प्रत्यक्षात लष्कराने व्यायाम आधी नागरिकांकडूनच घेतला होता.

आधी नावाबद्दल. अमेरिकी नौदलात आणि मरीन दलात नव्याने भरती झालेल्या पोराला 'बूट' म्हणत. (आपला 'रंगरूट' हा 'रिक्रूट'चाच अपभ्रंश. छावणीत शब्दांचीही तोडमोड होतेच.) १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात नौसैनिक पोटरीवर जे पट्टे बांधत, त्यांना 'बूट' म्हणत आणि त्यांवरून हे नाव पडलं असं सांगतात. बुटांना जिथे घडवायचं तो बूट कॅम्प. दक्षिण कॅरोलायनातल्या पॅरिस आयलंडवर १९१५ पासून मरीन रंगरूट तयार होत आहेत, आणि आजही तिथलं प्रशिक्षण १३ आठवड्यांचं असतं. क्लबातले कोर्स सहसा चार ते आठ आठवड्यांत आटोपतात.

आता व्यायामाकडे. फ्रान्झ नाख्तेगाल याने १७९९ मध्ये कोपनहेगनमध्ये खासगी व्यायामशाळा काढली. पाच वर्षांनी डेन्मार्कने लष्करी व्यायामसंस्था सुरू केली आणि ती त्याच्याच हाती सोपवली. १८०६ मध्ये नेपोलियनने प्रशिया या जर्मन राज्याचा धुव्वा उडवला. त्या पराभवाचा सल मनात घेऊन फ्रीडरिश लुडविग यान या शिक्षकाने १८११ मध्ये बर्लिनजवळच्या हाझेनहायडे इथे उघड्यावर व्यायामाचं मैदान उभारलं. आडवा बार, समांतर बार, चढायच्या दोऱ्या, सगळं तिथे होतं. हेतू उघड होता: पुढच्या लढाईसाठी पोरं तयार करायची. पण सरकारला या मैदानांतल्या राजकीय चर्चा खुपू लागल्या आणि १८२० च्या सुमारास त्यांवर बंदी आली, ती दोन दशकं टिकली. व्यायामाला राज्यकर्ते घाबरले, असा हा दुर्मीळ प्रसंग म्हणायला हवा.

ब्रिटनची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. क्रिमियन युद्धानंतर सैनिकांच्या तब्येतीची लक्तरं चव्हाट्यावर आली होती. तेव्हा लष्कराने मदत मागितली ती आर्चिबाल्ड मॅक्लारेनकडे. तो ऑक्सफर्डमध्ये खासगी व्यायामशाळा चालवत असे. १८६० मध्ये बारा निवडक सार्जंट-नाईक त्याच्याकडे शिकायला गेले. पुढे 'बारा शिष्य' म्हणून ते ओळखले गेले आणि ब्रिटिश लष्कराचा व्यायाम विभाग त्यांच्यातूनच उभा राहिला. मॅक्लारेनने प्रत्येकाची मापं घेऊन ठेवली. छाती किती वाढली, दंड किती भरले, सगळं वहीत टिपलेलं. ज्याला जेवढं पेलेल तेवढंच द्यायचं आणि हळूहळू वाढवायचं, असा त्याचा आग्रह होता. म्हणजे लष्करी व्यायामाच्या एका मोठ्या घराण्याच्या मुळाशी शांतपणे वही लिहिणारा मास्तर होता, आरडाओरडा नव्हता.

अडथळ्यांच्या शर्यतीचा वारसा मात्र एका नौदल अधिकाऱ्याकडे जातो. १९०२ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या फ्रेंच मार्टिनिक बेटावर माउंट पेले ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि सेंट पियेर हे शहर जळून गेलं. फ्रेंच नौदलातला जॉर्ज एबेर तिथल्या मदतकार्यात होता. ताकद दाखवायला नसते, ती कुणाच्या तरी उपयोगी पडली पाहिजे, हा विचार पुढे त्याच्या सगळ्या पद्धतीचा कणा झाला. धावणं, उड्या मारणं, चढणं, तोल सांभाळणं, ओझं उचलणं, फेकणं, पोहणं अशा स्वाभाविक हालचालींवर त्याने भर दिला. फ्रेंच सैन्याच्या अडथळा-मैदानांवर त्याचा ठसा उमटला, आणि आज क्लबचे लोक टायरांवरून उड्या मारतात किंवा वाळूची पोती वाहतात त्यामागे लांबून का होईना, एबेरच आहे.

मग बर्पी. या व्यायामाला शिव्या न देणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. पण रॉयल एच. बर्पी या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने त्याला जन्म दिला तो शिक्षा म्हणून नव्हे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबिया विद्यापीठात संशोधन करताना तंदुरुस्ती पटकन मोजता यावी म्हणून त्याने ही चाचणी रचली: खाली बसा, पाय मागे फेका, परत घ्या, उभे राहा. चारच आवर्तनं करायची आणि आधीची व नंतरची नाडी बघायची. पुश-अप नव्हता, उडी नव्हती. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर सैन्याने रंगरूट पारखायला ती उचलली आणि ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त किती होतात ते मोजायला सुरुवात केली. मोजपट्टीचा चाबूक झाला तो इथे. पुढे त्यात पुश-अप आला, उडी आली, आणि क्लबात तर उशिरा येणाऱ्याला दंड म्हणून बर्पी सांगायची प्रथाच पडली.

तालावर ओरडत धावणं हेही त्याच युद्धातलं. १९४४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या फोर्ट स्लोकममध्ये विली डकवर्थ या कृष्णवर्णीय सैनिकाने थकलेल्या तुकडीची पावलं जुळवायला सवाल-जबाबासारखी हाळी रचली. ती सगळ्या सैन्यात पसरली.

युद्धानंतर नागरी आणि लष्करी प्रवाह एकमेकांत मिसळत राहिले. १९५० च्या दशकात लीड्स विद्यापीठात मॉर्गन आणि ॲडमसन यांनी सर्किट ट्रेनिंग बसवलं. एकेका ठिकाणी ठरावीक व्यायाम करायचा आणि पुढच्या ठिकाणी सरकायचं. बूट कॅम्पच्या वर्गाचा खरा सांगाडा हाच आहे. त्याच दशकाच्या शेवटी कॅनडाच्या हवाई दलाने उपकरणांशिवाय रोज ११ मिनिटांचा कार्यक्रम काढला, तो घरोघर पोचला. १९६८ मध्ये अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी 'एरोबिक्स' हा शब्द लोकांच्या तोंडी बसवला.

ओरडणाऱ्या प्रशिक्षकाचं काय? इथे थोडं थांबायला हवं. ८ एप्रिल १९५६ च्या रात्री पॅरिस आयलंडवर एका ड्रिल इन्स्ट्रक्टरने शिस्त लावण्यासाठी आपल्या पलटणीला रिबन क्रीक या भरती-ओहोटीच्या खाडीत उतरवलं. सहा रंगरूट बुडून मेले. लष्करी न्यायालय बसलं, देशभर गदारोळ झाला आणि प्रशिक्षणावरची देखरेख कडक झाली. त्याच वर्षी मरीन ड्रिल इन्स्ट्रक्टरांना रुंद कडेची जुनी टोपी पुन्हा देण्यात आली, त्यांचा मान आणि जबाबदारी दोन्ही दिसावीत म्हणून. आज बूट कॅम्पच्या पत्रकांवर दरडावणाऱ्या सार्जंटच्या डोक्यावर तीच टोपी दिसते. ती अतिरेकानंतरच्या सुधारणांच्या काळात डोक्यावर आली, हे पत्रक छापणाऱ्याला बहुधा ठाऊक नसतं.

क्लबांनी हे सगळं विकायला घेतलं ते १९९० च्या दशकात. १९९८ मध्ये वेस्ट हॉलिवूडमध्ये 'बॅरीज बूटकॅम्प' सुरू झालं, तर १९९९ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये 'ब्रिटिश मिलिटरी फिटनेस'चे वर्ग भरू लागले. तेव्हाच का? माझा अंदाज असा: ब्रिटनमध्ये सक्तीच्या भरतीतले शेवटचे जवान १९६३ मध्ये घरी परतले, अमेरिकेत सक्तीची भरती १९७३ मध्ये थांबली. ज्या पिढीने ती भोगली, ती पैसे मोजून पहाटे कुणाचं ओरडणं ऐकायला गेली नसती. तिच्या मुलांना मात्र ते रोमांचक वाटलं. शिवाय ट्रेडमिलवर एकटं धावण्याचा कंटाळा आलेला होताच. क्लबचाही हिशोब जुळत होता: महागडी यंत्रं नकोत, एका प्रशिक्षकाकडे पंधरा-वीस माणसं, आणि कोर्स ठरावीक मुदतीचा असल्याने शुल्क आगाऊ.

पण छावणी आणि क्लब यांत एक फरक कुठलाच गणवेश झाकू शकत नाही: रंगरूट उठून घरी जाऊ शकत नाही, सभासद जाऊ शकतो. शिवाय भरतीआधी रंगरुटाची वैद्यकीय तपासणी झालेली असते, वयही साधारण सारखं असतं. क्लबाच्या एकाच रांगेत विशीतला धावपटू आणि वर्षानुवर्षं खुर्चीत बसलेला पन्नाशीतला माणूस उभे असतात. म्हणून प्रवेशाच्या वेळी छातीत दुखतं का, चक्कर येते का, हे विचारणारा अर्ज भरून घेतात. ही प्रश्नावली १९७० च्या दशकात कॅनडात तयार झाली. सवय नसताना पहिल्याच दिवशी अति केलं तर स्नायू तुटून त्यांतली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. या अवस्थेला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. लघवी चहासारखी गडद झाली तर ताबडतोब दवाखाना गाठायचा. मॅक्लारेनची वही इथे कामाला आली असती.

दरम्यान लष्कर स्वतः पुढे सरकलं. पुश-अप, सिट-अप आणि दोन मैल धावणं ही अमेरिकी सैन्याची १९८० पासूनची चाचणी २०२२ मध्ये मोडीत निघाली. नव्या चाचणीत सिट-अपऐवजी प्लँक (कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर शरीर ताठ धरून ठेवणं) आला. नौदलाने हाच बदल त्याच सुमारास केला. बऱ्याच क्लबांत मात्र 'अस्सल लष्करी' वर्गात शिट्टी वाजली की लोक अजूनही पाठीवर आडवे होऊन सिट-अप मोजायला लागतात.