सात वेळा खरे, आठव्यांदा खोटे

कॉम्प्युटरवरचे गणित म्हटले की बहुतेकांना दशांश आठवतात. १/३ म्हणजे ०.३३३३३३, आणि मग कुठेतरी थांबायचे. पण मॅक्सिमा, सिम्पाय, मेपल किंवा मॅथेमॅटिका यांसारख्या बीजगणित करणाऱ्या सॉफ्टवेअरला १/३ आणि १/७ यांची बेरीज विचारली, तर उत्तर येते १०/२१. २ चे वर्गमूळ तसेच राहते आणि त्याचा वर्ग केला की नेमके २ मिळतात. ही सॉफ्टवेअर चिन्हांना चिन्हे म्हणूनच वागवतात. हा काटेकोरपणा किती मोलाचा आहे, ते मला बोरवाइन इंटिग्रल्सइतके (इंटिग्रल म्हणजे आलेखाखालचे क्षेत्रफळ) स्पष्ट दुसरीकडे कुठेच दिसले नाही.

साइन(क्ष) भागिले क्ष हे फलन घ्या. आलेख मधोमध उंच आणि दोन्ही बाजूंना विरत जाणाऱ्या लाटांचा. शून्यापासून अनंतापर्यंतचे त्याचे क्षेत्रफळ, अक्षाखालचा भाग वजा धरून, पाय/२ भरते. आता क्ष च्या जागी क्ष/३ घालून तेच फलन पुन्हा लिहा आणि दोन्हींचा गुणाकार करा. क्षेत्रफळ? पाय/२. त्याला क्ष/५ च्या फलनाने गुणले तरी पाय/२. क्ष/७, क्ष/९, क्ष/११, क्ष/१३, प्रत्येक वेळी तेच. सात उदाहरणे जुळल्यावर कोणीही म्हणेल, नियम सापडला.

क्ष/१५ चे फलन जोडले की उत्तर बदलते. पाय ला आता १/२ ने नव्हे, तर या अपूर्णांकाने गुणावे लागते:

४६७८०७९२४७१३४४०७३८६९६५३७८६४४६९ / ९३५६१५८४९४४०६४०९०७३१०५२१७५००००

पाय/२ पेक्षा हे उत्तर साधारण ०.००००००००००२३१ ने कमी. दहा अंकी कॅल्क्युलेटरवर दोन्ही संख्या १.५७०७९६३२७ अशाच दिसतील. दशांशात काम करणारा माणूस हा फरक आकडेमोडीतली किरकोळ तफावत समजून सोडून देईल. तीस अंकी अंश आणि तीस अंकी छेद समोर असल्यावर मात्र तसे सोडून देता येत नाही. एकतर सॉफ्टवेअर चुकले आहे, नाहीतर आपला नियम.

चुकला होता नियमच. डेव्हिड बोरवाइन आणि जोनाथन बोरवाइन या पिता-पुत्रांनी २००१ मध्ये ‘रामानुजन जर्नल’मध्ये या इंटिग्रल्सचा उलगडा केला. कारण सुंदर आहे, आणि समजायला फारसे गणितही लागत नाही. फूरिए रूपांतराने, म्हणजे फलन कोणकोणत्या वारंवारतेच्या लाटांनी बनले आहे या नजरेने, पाहिले तर पहिले फलन म्हणजे उणे १ ते १ पर्यंत पसरलेले सपाट पठार. क्ष/३ च्या फलनाने गुणणे म्हणजे पठाराच्या प्रत्येक बिंदूवर आजूबाजूच्या १/३ अंतरापर्यंतच्या उंचीची सरासरी काढणे. त्यामुळे कडा उतरत्या होतात आणि सपाट भाग दोन्हीकडून १/३ ने आत सरकतो. पुढच्या गुणाकाराने आणखी १/५ ने, मग १/७ ने. आपले क्षेत्रफळ ठरते ते फक्त पठाराच्या मध्यबिंदूच्या उंचीवरून, आणि उतार तिथवर पोहोचेपर्यंत ती उंची ढळत नाही.

१/३ पासून १/१३ पर्यंतच्या विषम छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज सुमारे ०.९५५. त्यात १/१५ मिळवले की १.०२२. मध्यबिंदू कडेपासून १ अंतरावर असल्याने आठव्या पायरीला तो पहिल्यांदाच, अगदी किंचित, खाली येतो.

हे कळल्यावर भाकीतही करता येते. त्याच गुणाकारांना २ कोसाइन(क्ष) ने गुणले, तर मर्यादा १ ऐवजी २ होते. बेरीज २ च्या पुढे जाते ती १/११३ ला. म्हणजे १/१११ पर्यंत उत्तर पाय/२ आणि पुढच्या पायरीला तुटलेले. तिथला फरक दशांश चिन्हानंतर १३७ शून्ये ओलांडल्यावर सुरू होतो. इतका बारीक फरक नुसते आकडे पाहून कोणाला संशयितही वाटला नसता. कुठे शोधायचे ते पठाराच्या युक्तिवादानेच सांगितले. मॅक्सिमा आणि सिम्पाय दोन्ही मोफत आहेत. विषम छेदांची ती बेरीज अचूक अपूर्णांकांत करून १ आणि २ कुठे ओलांडले जातात, ते जरूर पाहा.