बडोद्यातील शैक्षणिक तंत्रज्ञान संशोधन

दूरचित्रवाणी, संगणक, मोबाइल यांसारखी साधने अध्यापन-अध्ययनात आल्यावर मुलांच्या शिकण्यात नेमका काय फरक पडतो, याचा पद्धतशीर शोध घेणाऱ्या अभ्यासक्षेत्रास शैक्षणिक तंत्रज्ञान संशोधन म्हणतात. १९०६ साली सयाजीराव गायकवाड यांनी संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले, हे मराठी बडोदेकर आजही अभिमानाने सांगतात. शिक्षणविषयक संशोधनाची परंपरा मात्र १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात रुजली. भारतातील शैक्षणिक संशोधनाचे शिक्षणतज्ज्ञ एम. बी. बुच यांनी संपादित केलेले पहिले सर्वेक्षण १९७४ मध्ये येथूनच प्रसिद्ध झाले.

जगभरच्या अभ्यासकांचे लक्ष बडोद्याकडे वेधले ते महापालिकेच्या शाळांतील प्रयोगामुळे. राज्य सरकारने २००० साली यांतील १०० शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते, पण त्यांचा वापर जवळजवळ होत नव्हता. (सरकारी देणगीच्या यंत्रांची ही कथा बडोद्यापुरती नाही.) २००२ पासून ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातील स्वयंसेवी संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकापुढे दोघे असे बसवून, गणिताचे खेळ देण्यास सुरुवात केली. मूल उत्तरे कशी देते त्यानुसार खेळांची काठिण्यपातळी बदलत असे, आणि देखरेखीस थोडे प्रशिक्षण घेतलेले स्थानिक तरुण असत. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडेन या अर्थशास्त्रज्ञांनी शाळा चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून कार्यक्रम असलेल्या व नसलेल्या शाळांची तुलना केली आणि निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध केले. गणिताचे गुण पहिल्या वर्षी ०.३५ आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलनाने वाढले (प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप). भाषेत मात्र फरक दिसला नाही. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने गणितातील वाढीपैकी सुमारे ०.१० प्रमाण विचलन एवढीच उरली होती.

या अभ्यासाचे खरे मोल, गुणवाढीपेक्षाही, खर्चाच्या तुलनेत आहे. त्याच संशोधकांनी ‘बालसखी’ हा कार्यक्रमही तपासला. त्यात मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच एक तरुणी वर्गाबाहेर नेऊन पायाभूत वाचन व अंकगणित शिकवीत असे. दुसऱ्या वर्षी या कार्यक्रमाने एकूण गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढवले, तेही दर मुलामागे वर्षाला सुमारे सव्वादोन डॉलर खर्चात. संगणकाच्या कार्यक्रमास सुमारे १५ डॉलर लागत. गणितात संगणक सरस ठरूनही पैशाच्या हिशेबात बालसखी पुढे राहिली, आणि यंत्रखरेदीलाच सुधारणा मानणाऱ्यांना हे उत्तर गैरसोयीचे होते.

पुढे लिंडेन यांनी गुजरातमधील ‘ज्ञानशाळा’ या संस्थेच्या वर्गांत हा प्रश्न वेगळ्या रीतीने तपासला. शाळेच्या वेळेबाहेर जादा सरावासाठी संगणक वापरला तेव्हा मुलांना लाभ झाला. शिक्षिकेच्या तासाऐवजी संगणक दिला, तेव्हा मुले त्या तासात शिकली असती त्याहूनही कमी शिकली.